पहिल्या धारेचा इतिहास : कोल्हापूरचे मद्य आणि अबकारी

कोल्हापूर जिल्ह्यातील कोणत्याही मोठ्या गावाच्या नाक्यावर मद्यविक्रीच्या तीन प्रकारच्या पाट्या दिसतात : ‘सरकारमान्य देशी दारूचे दुकान’, ‘वाईन शॉप’ आणि ‘परमिट रूम’. या पाट्यांमागे वेगवेगळे परवाने, वेगवेगळे गिऱ्हाईक आणि प्रतिष्ठेच्या वेगवेगळ्या पायऱ्या आहेत. परंतु साखर काढून घेतल्यावर कारखान्यात जो दाट काळा पाक उरतो, ज्याला मळी म्हणतात, त्याच मळीपासून देशी दारूतील आणि ‘विदेशी’ म्हणवल्या जाणाऱ्या व्हिस्की-रममधील अल्कोहोल महाराष्ट्रात परंपरेने तयार होत आले आहे. म्हणजे देशी आणि विदेशी हा भेद पिकाने, पाण्याने किंवा कारागिराने केलेला नाही. तो कायद्याने केला आहे, आणि त्या कायद्याचा इतिहास समजून घेतल्याशिवाय ज्या प्रदेशात ऊस, गूळ, शिंदी आणि काजू या चारही गोष्टी मुबलक आहेत, त्या प्रदेशाला स्वतःचे असे नामांकित मद्य का नाही, या प्रश्नाचे उत्तर मिळत नाही.

परदेशी मद्याशी या परिसराची ओळख मात्र इंग्रजांमुळे झालेली नाही. पंचगंगेच्या काठावरील ब्रह्मपुरी टेकडीवर १९४० च्या दशकात सातवाहनकालीन वसाहतीचे अवशेष उजेडात आले आणि पुढे डेक्कन कॉलेजच्या हसमुख सांकळिया आणि मोरेश्वर दीक्षित यांनी तेथे पद्धतशीर उत्खनन केले. या टेकडीवर सापडलेल्या ब्राँझच्या वस्तूंच्या साठ्यात समुद्रदेव पोसायडनची सुबक मूर्ती होती, तसेच रोमन घडणीचा, मूठ असलेला एक घडा होता. हा घाट भूमध्य समुद्राच्या काठावरील देशांत मद्य ओतण्यासाठी वापरला जाई. इसवी सनाच्या पहिल्या शतकातील ‘पेरिप्लस ऑफ द एरिथ्रियन सी’ या ग्रीक भाषेतील व्यापारी मार्गदर्शिकेत भडोच बंदरात उतरणाऱ्या मालाची यादी आहे आणि तीत मद्याचा उल्लेख आहे. त्या मद्यांत इटलीच्या मद्याला अधिक पसंती असून सीरियातील लाओडिसियाचे आणि अरबस्तानातील मद्यही येते, असे ती सांगते. याच बंदराशी पैठण आणि तेर या दख्खनच्या बाजारपेठा जोडलेल्या होत्या. मद्याची निवड गावाच्या नावाने आणि प्रतीने करणारा गिऱ्हाईक दोन हजार वर्षांपूर्वी भारताच्या पश्चिम किनाऱ्यावर होता, एवढे या यादीवरून निश्चित ठरते. ब्रह्मपुरीच्या वस्तू पाहायच्या असतील, तर त्या कोल्हापूरच्या टाऊन हॉलमधील संग्रहालयात आहेत.

बाराव्या शतकात कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याने ‘मानसोल्लास’ हा संस्कृत कोशग्रंथ रचला, त्यात राजाच्या विनोदांचे वर्णन करताना मदिरापानाच्या मेळाव्यालाही जागा दिलेली आहे. कोल्हापूरचे शिलाहार हे याच चालुक्यांचे मांडलिक होते. त्यांच्या दरबारी रीतीवरही मोठ्या दरबाराच्या रीतीची छाया असणे स्वाभाविक होते. तथापि दरबारी ग्रंथांतील मदिरा आणि गावकुसाबाहेर गाळली जाणारी दारू या दोन वेगळ्या गोष्टी होत्या, आणि इतिहासाने पहिलीची नोंद ठेवली, दुसरीची ठेवली नाही.

मराठेशाहीत मद्याविषयीचे शासनाचे धोरण महसुलापेक्षा आचारधर्माच्या विचाराने ठरत असे. न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे यांनी पेशव्यांच्या रोजनिशींचा जो परामर्श घेतला, त्यावरून असे दिसते की पेशव्यांच्या मुलखात दारू गाळण्यास आणि विकण्यास सामान्यतः मनाई होती. परंतु वसई आणि चौलचा प्रदेश पोर्तुगीजांकडून हाती आल्यावर तेथील ख्रिस्ती रहिवासी, भंडारी आणि कोळी यांना त्यांच्या रिवाजाप्रमाणे मोकळीक ठेवण्यात आली, तर ब्राह्मण, शेणवी, प्रभू आणि सरकारी कामगार यांना तेथेही मद्य विकू नये असा निर्बंध होता. आजच्या दृष्टीने जातीवर आधारलेला हा नियम समर्थनीय नाही. पण त्यात एक गोष्ट गृहीत धरलेली होती, ती अशी की काही समाजांसाठी मद्य हे व्यसनाच्या आधी अन्न, श्रमाचा विसावा आणि देवाचा नैवेद्य आहे. पुढे आलेल्या इंग्रजी कायद्याने हे गृहीतक पुसून टाकले.

त्या कायद्याकडे वळण्यापूर्वी इंग्रजांनीच येथून उचललेल्या एका पेयाची नोंद करणे आवश्यक आहे, कारण आज ज्याला कॉकटेल म्हणतात त्या मिश्र मद्यांच्या घराण्यातील ते एक अतिशय जुने पेय आहे. ‘पंच’ हा शब्द ईस्ट इंडिया कंपनीच्या नोकरांच्या पत्रव्यवहारात १६३२ मध्ये प्रथम आढळतो. सतराव्या शतकाच्या सत्तरच्या दशकात पश्चिम भारतात फिरलेल्या आणि शिवाजी महाराजांच्या राज्याभिषेकाची हकिगत लिहून ठेवणाऱ्या जॉन फ्रायर या डॉक्टराने त्याचा संबंध आपल्याकडील ‘पाच’ या संख्येशी जोडला आहे. अर्क, साखर, लिंबाचा रस, मसाला आणि पाणी हे ते पाच घटक होत. अर्क म्हणजे माडाची माडी आंबवून तिची वाफ थंड करून मिळवलेले तीव्र मद्य, आणि ‘गोवा अर्क’ या नावाने ते अठराव्या शतकापर्यंत युरोपच्या बाजारात नावाजले जात होते. आंबट, गोड, तीव्र, सौम्य आणि सुवासिक यांचा तोल साधणे हे पंचाचे सूत्र पुढच्या काळातील असंख्य आंबट-गोड कॉकटेलमध्ये टिकून राहिले आहे. कोल्हापूरकरांच्या दृष्टीने यात आणखी एक धागा आहे. १६६० मध्ये सिद्दी जौहरने पन्हाळ्याला वेढा घातला, तेव्हा राजापूरच्या वखारीतील ज्या इंग्रजांनी करार मोडून गडावर तोफा डागल्या, ते हेच पंच पिणाऱ्या पिढीतील कंपनीचे नोकर होते.

गावपातळीवर मद्य तयार करण्याचे तंत्र साधे, पण नजरेचे आणि नाकाचे होते. घाटावर शिंदीच्या झाडाचा रस, जिथे मोह होता तिथे त्याची वाळलेली फुले, आणि ऊसपट्ट्यात गूळ किंवा काकवी पाण्यात घालून आंबवली जाई. या आंबवलेल्या द्रावणाला सडवा म्हणतात. सडवा भट्टीवरच्या मडक्यात किंवा तांब्याच्या भांड्यात तापवला की पाण्याआधी अल्कोहोलची वाफ होते, आणि ती नळीवाटे थंड भांड्यात नेली की तिचा अर्क बनून धार लागते. अर्क गाळण्याच्या या साधनाला भबका म्हणत. सर्वांत आधी पडणारी धार तीव्र असते, नंतरची पाणचट होत जाते. कोणती धार ठेवायची, कोणती बाजूला काढायची आणि केव्हा थांबायचे, हे भट्टीवर बसणाऱ्या कलालाचे खरे कसब होते. मराठीत ‘पहिल्या धारेची’ हा शब्दप्रयोग अस्सलपणासाठी दारूबाहेरही वापरला जातो, यावरून हे कसब किती खोलवर रुजले होते याची कल्पना येते.

इंग्रजी अंमलाच्या पहिल्या टप्प्यात मक्त्याची पद्धत होती. ठरावीक भागात दारू गाळण्याचा आणि विकण्याचा हक्क लिलावाने दिला जाई आणि मक्तेदार गावोगावच्या भट्ट्यांकडून माल घेई किंवा त्यांना गाळण्याची मुभा देई. या पद्धतीत जुलूम होता, पण भट्टी गावात राहत होती आणि तिचे ज्ञानही गावात राहत होते. १८७८ च्या मुंबई अबकारी कायद्याने ही स्थिती मुळापासून बदलली. ‘अबकारी’ हा शब्द फारसी असून त्याचा अर्थ दारू गाळण्याचा धंदा असा आहे, पण या कायद्यानंतर तो शब्द धंद्यापेक्षा त्यावरील कराचा वाचक बनला. चार्ल्स प्रिचर्ड या सनदी अधिकाऱ्याने आखलेल्या धोरणानुसार विखुरलेल्या भट्ट्या बंद करून दारू मोजक्या मध्यवर्ती भट्ट्यांतच गाळायची, तेथून बाहेर पडताना तिच्या तीव्रतेनुसार कर घ्यायचा आणि ताडी-माडी काढण्याच्या प्रत्येक झाडावर वेगळी पट्टी बसवायची, असे ठरले. कुलाबा जिल्ह्यातील उरण हे अशा मोठ्या भट्ट्यांचे केंद्र बनले. १८९२ च्या मोहाविषयीच्या कायद्याने तर काही जिल्ह्यांत मोहाची फुले घरात साठवणे हाच गुन्हा ठरवला. झाडावरून पडलेले फूल वेचणे ज्या कायद्याला मान्य नव्हते, तो कायदा लोकांच्या आरोग्यासाठी केला होता असे मानता येत नाही.

कोल्हापूर हे संस्थान असल्याने मुंबईचा कायदा येथे आपोआप लागू होत नव्हता. परंतु संस्थानाच्या हद्दी ब्रिटिश मुलखात गुंतलेल्या होत्या. संस्थानात दारू स्वस्त राहिली तर ती पलीकडच्या सातारा किंवा बेळगाव जिल्ह्यात शिरेल, या भीतीने मुंबई सरकार शेजारच्या संस्थानांनी आपले दर आणि पद्धत मुंबईशी जुळवून घ्यावी असा आग्रह धरत असे. हाच आग्रह पोर्तुगीजांकडेही धरला गेला. १८७८ च्याच डिसेंबरात झालेल्या इंग्रज-पोर्तुगीज तहाने गोवा आणि ब्रिटिश हिंदुस्थान यांच्यात जकातसंघ स्थापन झाला, गोव्यातील मिठावर इंग्रजांचे नियंत्रण आले आणि दारूवरील करही मुंबईच्या धर्तीवर आणण्याचे ठरले. हा तह गोव्यात अतिशय अप्रिय ठरला आणि १८९२ मध्ये संपुष्टात आला. त्यानंतर गोव्यातील बागाईतदार आणि भट्टीवाला आपल्या जुन्या मार्गावर परतला, घाटावरच्या भट्टीवाल्याला तशी वाट उरली नव्हती. पुढच्या शंभर वर्षांत सह्याद्रीच्या दोन बाजूंना मद्याचे जे दोन भिन्न इतिहास घडले, त्यांची फारकत येथे सुरू होते.

याच मुकुटाच्या राज्यात, स्कॉटलंडमध्ये, पन्नास-पंचावन्न वर्षे आधी अगदी उलट निर्णय घेतला गेला होता, आणि व्हिस्कीची जगभरची कीर्ती त्या निर्णयावर उभी आहे. अठराव्या शतकाच्या अखेरीस स्कॉटलंडच्या डोंगराळ भागात चोरट्या भट्ट्यांचा सुळसुळाट झाला होता, कारण कर भारी होता आणि लहान भट्टीला परवाना मिळणे अवघड होते. १८२३ च्या कायद्याने कर बराच उतरवला आणि किमान ४० गॅलनच्या भट्टीला वर्षाला १० पौंड भरून परवाना घेण्याची सोय केली. पुढच्याच वर्षी ग्लेनलिव्हेट खोऱ्यातील जॉर्ज स्मिथ या शेतकऱ्याने परवाना घेतला, आणि चोरटा धंदा करणाऱ्या शेजाऱ्यांच्या धमक्यांमुळे त्याला काही काळ पिस्तुले बाळगून वावरावे लागले. आज त्या खोऱ्याचे नाव जगातील उत्तम व्हिस्कींमध्ये घेतले जाते. सातूला मोड आणून, त्याचे माल्ट करून, ते आंबवून, तांब्याच्या भांड्यात दोनदा गाळून आणि ओकच्या पिंपात वर्षानुवर्षे मुरवून तयार होणारे हे मद्य मुळात डोंगरातल्या शेतकऱ्याची हातभट्टीच होती. स्कॉटलंडमध्ये कायद्याने त्या हातभट्टीला दारातून आत घेतले. मुंबई इलाख्यात कायद्याने तिला दाराबाहेर काढले आणि मग ती रानात गेली, घाईने गाळली जाऊ लागली आणि बिघडत गेली.

मद्याविरुद्धची जी चळवळ महाराष्ट्रात उभी राहिली, तिला या पार्श्वभूमीवर पाहिले पाहिजे. १८८० मध्ये पुणे नगरपालिकेचे सभासद असताना महात्मा जोतीराव फुले यांनी शहरातील दारूच्या वाढत्या दुकानांविरुद्ध लेखी तक्रार केली, तेव्हा त्यांचा रोख सरकारच्या महसुली लोभावर आणि त्याखाली भरडल्या जाणाऱ्या गरीब घरांवर होता. १९०८ मध्ये पुण्यात दारूच्या दुकानांवर निरोधन झाले, त्यामागेही हीच जाणीव होती. १९१९ मध्ये राम गणेश गडकऱ्यांच्या निधनानंतर अवघ्या काही आठवड्यांत ‘एकच प्याला’ हे नाटक गंधर्व नाटक मंडळीने रंगभूमीवर आणले, आणि सुशिक्षित घराच्या विनाशाचे त्यातील चित्र मराठी मनात इतके घट्ट बसले की त्यानंतर मद्याविषयी चवीच्या अंगाने लिहिणे मराठीत जवळजवळ अशक्य झाले. नाट्यवेडाच्या बाबतीत कोल्हापूर पुण्या-मुंबईच्या मागे नव्हते; शाहू महाराजांनी बांधवलेले पॅलेस थिएटर १९१५ मध्ये सुरू झाले होते. गडकऱ्यांनी दाखवलेले दुःख खरे होते आणि आजही हजारो घरांत ते खरे आहे, म्हणूनच त्या नाटकाचे सामर्थ्य कमी होत नाही. मात्र नाटकातील प्याला आणि रानातील भट्टी यांना एकाच न्यायाने तोलण्याची सवय आपल्या सार्वजनिक विचाराला लागली, हे नुकसानही मान्य केले पाहिजे.

याच काळात कोल्हापूरचे अर्थकारण गुळाभोवती उभे राहत होते. १८९५ मध्ये शाहू महाराजांनी गुळाच्या व्यापारासाठी शाहूपुरी ही पेठ वसवली, आणि पुढे राधानगरीच्या धरणाचे काम हाती घेतले. गुऱ्हाळात उसाचा रस सगळाच्या सगळा आटवला जातो, त्यामुळे त्यातून मळी उरत नाही, आणि गूळ स्वतःच इतका मोलाचा असतो की तो दारूत घालणे चांगल्या काळात परवडत नाही. साखर कारखान्याचे गणित वेगळे आहे. १९३२ च्या साखर संरक्षण कायद्याने परदेशी साखरेवर जकात बसली, देशभर कारखाने उभे राहू लागले आणि कोल्हापुरातही कसबा बावड्याला कारखाना उभा राहिला. स्वातंत्र्यानंतर सहकाराच्या लाटेत रत्नाप्पा कुंभार यांच्या पुढाकाराने पंचगंगा कारखाना आणि तात्यासाहेब कोरे यांच्या पुढाकाराने वारणा कारखाना उभा राहिला, आणि पाहता पाहता जिल्हा कारखान्यांनी भरून गेला. एक टन उसामागे साधारण ४० ते ४५ किलो मळी निघते आणि एक टन मळीपासून सुमारे २२० ते २५० लिटर अल्कोहोल मिळते. साखरेची अशी गंगा वाहू लागली की अल्कोहोलची उपनदी तिच्यासोबत येणारच होती.

पण ती येण्याच्या नेमक्या वेळी कायद्याने दार लावून घेतले. मुंबई इलाख्यात १९३७ मध्ये सत्तेवर आलेल्या काँग्रेस मंत्रिमंडळातील अबकारी मंत्री डॉ. गिल्डर यांनी १ ऑगस्ट १९३९ पासून मुंबई शहरात दारूबंदी लागू केली होती, परंतु मंत्रिमंडळ गेल्यावर ती ढिली पडली. स्वातंत्र्यानंतर मोरारजी देसाई गृहमंत्री असताना मुंबई दारूबंदी अधिनियम, १९४९ मंजूर झाला आणि १६ जून १९४९ पासून अमलात आला. कोल्हापूर संस्थान मुंबई राज्यात विलीन झाले ते १ मार्च १९४९ रोजी. म्हणजे कोल्हापूरच्या प्रजेचे नागरिकांत रूपांतर होऊन चार महिने होण्याच्या आत दारूबंदी तिच्या दारात येऊन उभी राहिली, आणि ६ एप्रिल १९५० पासून राज्यभर संपूर्ण दारूबंदी झाली. संविधानाच्या ४७ व्या अनुच्छेदाने दारूबंदी हे राज्याचे मार्गदर्शक तत्त्व ठरवलेच होते. १९५१ मध्ये बलसारा खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने कायद्याचा मोठा भाग वैध ठरवला, मात्र औषधे आणि प्रसाधने यांतील अल्कोहोलवर घातलेले निर्बंध रद्द केले.

कोल्हापूरसारख्या सीमेवरच्या जिल्ह्यात दारूबंदी टिकणे भौगोलिकदृष्ट्याच कठीण होते. घाटाखाली १९६१ पर्यंत पोर्तुगीज अमलातला गोवा होता, आणि १९५६ मध्ये बेळगाव जिल्हा म्हैसूर राज्यात गेल्यावर निपाणीकडची हद्दही परराज्याची झाली. गावात मात्र गूळ होता, नवसागर दुकानात मिळत होता आणि रात्रीची वेळ कोणाच्या मालकीची नव्हती. हातभट्टी हा शब्द भीती आणि तुच्छता या दोन्ही भावनांनी वापरला जाऊ लागला तो या काळात. भट्टी पकडली जाण्याची भीती असल्यामुळे सडवा पुरता आंबण्याची वाट पाहिली जाईना, पहिल्या आणि शेवटच्या धारेचा विवेक राहीना, आणि तीव्रता वाढवण्यासाठी काहीही मिसळले जाऊ लागले. पिढ्यान्‌पिढ्यांचे कसब काही वर्षांत लयाला गेले.

१९६० च्या दशकात वसंतराव नाईक यांच्या सरकारने बंदी सैल केली, आणि १९७३ च्या नियमांनी देशी दारूची निर्मिती व विक्री परवान्याखाली आणली. दारूबंदीचा कायदा मात्र रद्द झाला नाही. आजही महाराष्ट्रात मद्य विकत घेणे, बाळगणे आणि पिणे हे कायद्याच्या भाषेत बंदीला असलेले अपवाद आहेत, आणि त्या अपवादासाठी पिणाऱ्याकडे एक दिवसाचा, एक वर्षाचा किंवा आजीवन परवाना असावा लागतो. बिअर आणि वाईनसाठी वयाची अट २१ वर्षांची आहे, तर व्हिस्की, रम आणि देशी दारूसाठी २५ वर्षांची आहे. इतर राज्यांत ज्याला बार म्हणतात त्याला महाराष्ट्रात ‘परमिट रूम’ हे नाव पडले ते यामुळेच. त्या दोन शब्दांत १९४९ च्या कायद्याचा सारा इतिहास साठलेला आहे.

परवान्यांच्या या युगात कारखान्यांच्या मळीला अखेर वाट मिळाली. मळी पाण्यात पातळ करून, यीस्ट घालून आंबवली जाते आणि उंच स्तंभांच्या यंत्रात सतत गाळून सुमारे ९५ टक्के तीव्रतेचे अल्कोहोल काढले जाते. ते आणखी शुद्ध करून वास-चव जवळजवळ नाहीशी केली, की त्याला अतिशुद्ध तटस्थ अल्कोहोल म्हणतात. त्यात पाणी आणि संत्र्यासारखा स्वाद मिसळला की देशी दारू होते. थोडे माल्ट मद्य, रंग आणि स्वाद मिसळले की ‘भारतीय बनावटीचे विदेशी मद्य’ या लांबलचक वर्गातली व्हिस्की होते. युरोपात व्हिस्की हे नाव केवळ धान्यापासून गाळलेल्या आणि किमान तीन वर्षे लाकडी पिंपात मुरवलेल्या मद्यालाच देता येते, त्यामुळे मळीची व्हिस्की तेथे व्हिस्की म्हणून विकता येत नाही. बाटलीवरचा ४२.८ टक्के हा आकडाही इंग्रजी अबकारीचाच वारसा आहे. जुन्या मापात ५७.१ टक्के अल्कोहोलला ‘प्रूफ’ म्हणत, कारण तेवढ्या तीव्रतेच्या मद्याने भिजलेली तोफेची दारू पेट घेत असे. त्याच्या तीन चतुर्थांश तीव्रतेला, म्हणजे ‘२५ अंश अंडर प्रूफ’ या मुंबई अबकारीच्या प्रमाणित मापाला, ४२.८ टक्के येतात. तोफेची ‘दारू’ आणि पिण्याची ‘दारू’ यांना मराठीत एकच शब्द असणे हा योगायोग या मापात प्रत्यक्ष उतरला आहे. बोलीतील ‘नवटाक’ हे तर त्याहून जुने माप, पावशेराच्या निम्मे. शेर-छटाक इतर सर्व बाजारांतून गेले तरी गुत्त्यावरच्या भाषेत ते रेंगाळत राहिले.

या उद्योगाची किंमत पंचगंगेने मोजली आहे, हे येथे स्पष्ट लिहिणे आवश्यक आहे. मळीपासून एक लिटर अल्कोहोल काढताना साधारण १० ते १५ लिटर गडद तपकिरी, आम्लयुक्त सांडपाणी निघते, आणि ते प्रक्रियेविना नदीत गेले तर पाण्यातील प्राणवायू संपून मासे मरतात. पंचगंगेच्या प्रदूषणात इचलकरंजीचे कापड-प्रक्रिया उद्योग आणि शहरांचे मैलापाणी यांचाही मोठा वाटा आहे, त्यामुळे सारा दोष एका धंद्यावर टाकणे अन्यायाचे होईल. दुसरी किंमत बायकांनी मोजली आहे. २५ मार्च २००८ च्या शासकीय आदेशाने गावातील दारूदुकान बंद करण्यासाठी गुप्त मतदानाची तरतूद केली. मतपत्रिकेवर उभी बाटली आणि आडवी बाटली अशी दोन चित्रे असतात, आणि निम्म्याहून अधिक महिला मतदारांनी आडव्या बाटलीला मत दिले तर दुकान बंद होते. मद्याच्या इतिहासात स्त्रीच्या मताला कायद्याने दिलेले हे एक ठोस स्थान आहे, आणि चवीची कितीही बाजू मांडली तरी हा अधिकार अबाधितच राहिला पाहिजे.

अलीकडच्या काळात मळीने पुन्हा दिशा बदलली आहे. पेट्रोलमध्ये इथेनॉल, म्हणजे पाणी काढून टाकलेले अल्कोहोल, मिसळण्याचे प्रयोग २००१ मध्ये देशात ज्या मोजक्या ठिकाणी झाले त्यांत मनमाड आणि कोल्हापूरच्या शेजारचे मिरज ही दोन ठिकाणे होती. आज साखर कारखान्यांचे लक्ष बाटलीपेक्षा पेट्रोलच्या टाकीकडे अधिक आहे. त्याच २००१ मध्ये राज्य सरकारने द्राक्षप्रक्रिया धोरण जाहीर केले आणि नाशिक जिल्ह्यात विंचूर व सांगली जिल्ह्यात पलूस येथे वाईन पार्क आखली. नाशिकची वाईन फोफावली, पलूसचा प्रयोग तेवढा बहरला नाही. तरीही द्राक्षाच्या वाईनला करसवलत देणारे शासन गुळाच्या, शिंदीच्या किंवा काजूच्या मद्याकडे मात्र दीर्घकाळ पाहण्यास तयार नव्हते, हे धोरणातील पक्षपाताचे लक्षण मानले पाहिजे.

हा पक्षपात सर्वांत स्पष्ट दिसतो तो जिल्ह्याच्या दक्षिण टोकाला, चंदगड आणि आजरा तालुक्यांत. या तालुक्यांत काजूची लागवड मोठी असून बी सोलण्याचा उद्योगही चांगला रुजला आहे. तिलारी घाट उतरला की दोडामार्ग लागतो आणि त्यापुढे गोव्याची हद्द सुरू होते. हद्दीपलीकडे काजूचे बोंडू दगडी कुंडात तुडवून, त्यांचा रस आंबवून पहिल्यांदा गाळला की हुर्राक नावाचा सौम्य अर्क मिळतो, आणि तो पुन्हा गाळला की फेणी. काजूच्या फेणीला २००९ मध्ये भौगोलिक निर्देशांक मिळाला, म्हणजे त्या नावाने ते मद्य गोव्याबाहेर कोणालाही तयार करता येत नाही, आणि २०१६ मध्ये गोवा सरकारने तिला वारसा पेयाचा मान देण्याचा निर्णय घेतला. दोडामार्गमधून बोंडू गाड्या भरभरून गोव्याच्या भट्ट्यांकडे जातात. फळ एकच, पाऊस एकच, डोंगरही एकच; हद्दीच्या एका बाजूला जो वारसा आहे, तो दुसऱ्या बाजूला बराच काळ फौजदारी गुन्हा होता.

२०२२ मध्ये महाराष्ट्र मंत्रिमंडळाने मोह आणि काजू यांसारख्या स्थानिक फुलाफळांपासून तयार होणाऱ्या मद्याला देशी दारूच्या वर्गातून काढून विदेशी मद्याच्या वर्गात घेण्याचा निर्णय घेतला. सह्याद्रीच्या मातीत पिकलेल्या फळाला प्रतिष्ठा मिळण्यासाठी कागदोपत्री विदेशी व्हावे लागते, हा १८७८ पासून चालत आलेल्या वर्गवारीचा अखेरचा परिणाम होय. निर्णयाची दिशा योग्य आहे, परंतु १८२३ चा स्कॉटलंडचा कायदा यशस्वी झाला तो लहान भट्टीला परवडेल असा परवाना ठेवल्यामुळे, आणि तशी तरतूद चंदगडच्या शेतकऱ्यासाठी स्वतंत्रपणे करावी लागेल. सडवा केव्हा पिकला हे वासावरून सांगणारी आणि धार हातावर घेऊन ओळखणारी माणसे घाटमाथ्यावरच्या गावांत आता म्हातारी झाली आहेत. शिवाजी विद्यापीठातील आणि जिल्ह्यातील महाविद्यालयांतील इतिहासाच्या अभ्यासकांनी कोल्हापूर पुरालेखागारातील अबकारीची दप्तरे उघडावीत, आणि त्याबरोबरच या माणसांचे शब्द, भांड्यांची नावे आणि रीती ती माणसे आहेत तोवर लिहून घ्याव्यात.